पोट धुण्याची ओळ

मी औषध प्यायले नव्हते. हे आधीच लिहून टाकते, कारण तोंडाने सांगायची वेळ होती तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटली होती, आणि ती सुटली तोवर सगळ्यांचं ठरून गेलं होतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पाहुणे आले की पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि मागच्या दाराला जाऊन बसायचं, अशी माझी रीत. म्हणून हे रेखाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. रेखा माझी मुलगी, तेव्हा तिसरीत होती. तिच्या हाती कधी पडलं तर पडू दे. फवारणीच्या दिवसांत कुणा बाईला हेच दुखणं झालं तर तिला डॉक्टर सगळं सांगतील असं समजू नये. डॉक्टरांना वेळ नसतो, आणि घरच्यांना आधीच सगळं माहीत असतं.

हंडा

आमचं गाव भडगाव तालुक्यात, गिरणा नदीपासून कोसभर. घरात सासूबाई, माझे जेठ म्हणजे थोरले दीर आबा, आणि मुलीचे वडील. आबांची बायको वारलेली, त्यामुळे शेतातली बाई म्हणजे मीच. कपाशीवर बोंडअळी पडू लागली होती आणि दर आठ-दहा दिवसांनी फवारा चालू होता.

फवारणी पुरुषांचं काम, असं आमच्याकडे म्हणतात. पाठीवर पंप त्यांच्या, तोंडाला रुमाल त्यांच्या. पण पंपात ओतायला औषधाचं पाणी लागतं. ते विहिरीजवळच्या पिंपात कालवायचं आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा. हे काम बाईचं. त्याला फवारणी म्हणत नाहीत, पाणी वाहणं म्हणतात.

हंड्याला बुडाशी बारीक चीर होती. मी दोनदा सांगितलं होतं. आबा म्हणाले, "थेंब थेंब गळस, तेवढ्यानी काय व्हस?" तेवढ्याने काय होतं ते पुढे कळलं. चुंबळ जुन्या लुगड्याची, ती औषध पीत राहिली. केस भिजले, मान भिजली, चोळी पाठीला चिकटली. ऊन होतं म्हणून ओलं अंग बरं वाटत होतं. कालवलेलं औषध तसं दिसायला दुधाच्या पाण्यासारखं. त्याला कोण भिणार?

दुपारी भाकर खाल्ली आणि तोंडाला पाणी सुटायला लागलं. आंबट बघितल्यावर सुटतं तसं नाही, लाळ थांबेचना. मग पोटात पीळ, उलटी, डोळ्यांतून पाणी. भर दुपारी शेत अंधारलं. मी हंडा खाली ठेवायला म्हणून बांधाकडे गेले आणि तिथेच पडले.

बांधावर औषधाच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असत. पुरुष पिंपात बाटली ओतत आणि भिरकावून देत. मी पडले ती अशाच एका बाटलीशेजारी.

आबांनी मला पाहिलं. आबा हुशार माणूस. बाई पडलेली, शेजारी बाटली, म्हणजे बाई प्यायली. डोकं ओलं का, चोळी ओली का, हे पाहायला त्यांना हिशेबात जागा नव्हती. विहिरीपर्यंत ओरडत गेले, "धाकलीनी औषध पिधं." ते ओरडणं बैलगाडीत माझ्यासोबत गावात आलं, जीपमध्ये बसून भडगावला गेलं आणि तिथून जळगावपर्यंत माझ्या आधी पोचलं.

इंजेक्शन

भडगावच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. म्हणाले, बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्यात, जळगावला न्या. जाताना एक इंजेक्शन दिलं आणि दोन सोबत दिली. त्या माणसाबद्दल मी वाईट लिहिणार नाही. त्याने मला काही विचारलं नाही, पण त्याने मला जळगावपर्यंत जिवंत ठेवलं.

जळगावचा दवाखाना खाजगी, दोन मजली, खाली स्वतःचं औषधांचं दुकान. मला आठवतो तो फक्त साबणाचा वास. एक वयस्क सिस्टर होती. तिने माझी चोळी कात्रीने कापून काढली, नाकाजवळ नेली आणि बादली मागवली. तीनदा केस धुतले. मानेवरून, कानामागून साबण चोळला. एवढ्या माणसांत नाक फक्त तिलाच होतं.

मग ते इंजेक्शन सुरू झालं. ॲट्रोपिन त्याचं नाव. काचेची नखाएवढी कुपी. सिस्टर एकापाठोपाठ एक दहा कुप्या फोडायची, एकाच सिरिंजमध्ये ओढायची आणि शिरेतून द्यायची. थोड्या वेळाने डोळे बघायची, जिभेवर बोट फिरवून बघायची. लाळ असली की पुन्हा दहा. जीभ कोरडी झाली, बाहुल्या मोठ्या झाल्या, नाडी धावू लागली, की औषध पुरलं असं समजायचं. ज्या बाईला हे दुखणं होईल तिने हे लक्षात ठेवावं. तहानेने जीव जाईल असं वाटतं, पण ती तहान म्हणजे जीव राहिल्याची खूण. पुढे आठवडाभर जवळचं दिसत नाही, भाकरीचा काठ दिसत नाही. डोळे गेले असं वाटून रडू नये. येतात परत.

आणि भ्रम होतो. तो त्या इंजेक्शनाचाच गुण. दोन दिवस मी चादरीवरचा कापूस वेचत होते, असं सिस्टरने सांगितलं. वेचून उशीखाली भरत होते. ज्या आबांसमोर मी बारा वर्षांत डोईवरचा पदर ढळू दिला नाही, त्यांना मी नावाने हाक मारली म्हणे. "ए भावडू, उचल त्या बाटल्या. बांधावर पोरं फिरतात."

सिस्टर हसून सांगत होती. घरचे हसले नाहीत. सासूबाईंनी त्यातला बाटल्या हा एकच शब्द घेतला आणि येणाऱ्या प्रत्येकाला दिला. "पाहा, बेसुधीतबी बाटलीच बोलस."

हवालदारही येऊन गेला. विषाची केस म्हणजे पोलिसांना कळवावं लागतं. त्याने मुलीच्या वडिलांना बाहेर बाकावर बसवून सगळं लिहून घेतलं आणि मग माझ्या खाटेशी आला.

"बाई, काही सांगायचंय?"

मी तोंड उघडलं. जीभ हलली नाही. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. काय लिहिलं ते मला आजतागायत माहीत नाही. गप्प बाईच्या तोंडी पुरुष काय घालतात ते मला माहीत आहे, त्यावरून अंदाज करते.

भेटायला येणारे

ते डझनाने आले. खानदेशात माणूस मरायला टेकलं की नातलग भेटायला येतात आणि जगलं की चौकशीला येतात. चौकशीला येणारे जास्त. एक मामेसासू पोह्यांचा डबा घेऊन आल्या. पोहे स्वतः खाल्ले.

"तुले काय कमी व्हतं, माय? घर शे, शेत शे, बठ्ठं शे."

"नवरा मारस का? मन्हा कानमा सांग."

मी मान हलवायची. नाही म्हणून हलवली तर त्यांना वाटे, सांगायला लाजते. हलवली नाही तर वाटे, खरंच आहे.

शेजारच्या खाटेवर एक तरुण बाई होती. ती खरोखर प्यायलेली. तिच्याकडे कुणी पोहे घेऊन आलं नाही, कुणीच आलं नाही. चौथ्या दिवशी मला थोडं बोलता येऊ लागलं, तेव्हा तिने मान वळवून विचारलं, "तू नाही ना प्यायली?" तिचा आवाज फाटका होता, पत्र्यावर पत्रा घासावा तसा.

"तुला कसं कळलं?"

"तुझा घसा नीट आहे. माझ्या घशातून बोटाएवढी नळी घातली, पोट धुवायला. चार दिवस थुंकी गिळवत नाही. तू आज वरणाचं पाणी प्यालीस."

पाच दिवसांत मला खरं विचारणारी ती एकटी. तिने का घेतलं ते मी विचारलं नाही. तिला विचारणारे पुढे भेटणारच होते.

गुरुजींचं वाचन

घरी आले. बिल इंग्रजीत होतं. मुलीचे वडील सातवी शिकलेले, त्यांनी ते दोनदा उलटसुलट केलं आणि शाळेच्या गुरुजींकडे दिलं. गुरुजींनी आमच्या ओट्यावर बसून वाचलं. वाचायला गुरुजी एक आणि ऐकायला सात-आठ जण. मी दाराआड.

"ॲट्रोपिन इंजेक्शन, एकशे चाळीस. इंजेक्शन टोचण्याचे, एकशे चाळीस."

म्हणजे दहा कुप्या एका सिरिंजमध्ये, सुई एकदा टोचलेली, आणि पैसे दहादा टोचल्याचे. माझ्या अंगावर एवढी भोकं असती तर त्या हंड्यापेक्षा मीच जास्त गळले असते. कुपी स्वस्त असते, सिस्टर म्हणाली होती. मग कुपीतून मिळत नाही ते सुईतून काढायचं.

ओट्यावर कुणाला त्यात खटकलं नाही. गुरुजी पुढे गेले.

"स्टमक वॉश. म्हणजे पोट धुणे."

ते थांबले. चष्मा काढून पुसला. मग एखादी बेरीज जुळल्यासारखं म्हणाले, "पोट धुतलं, म्हणजे पोटात गेलं होतं."

झालं. आबांच्या ओरडण्याला कागद मिळाला. तोवर गावात दोन-चार जण तरी म्हणत होते की अंगाला लागलं असेल. त्या दिवसापासून कुणी म्हणालं नाही. माझं पोट, माझा घसा, पण साक्ष जळगावच्या बिलाच्या खिडकीतल्या माणसाची.

मी सासूबाईंना सांगितलं, माझं पोट धुतलंच नाही. त्या म्हणाल्या, "तू बेसुध व्हती. तुले काय ठाऊक?" मुलीच्या वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे ना आता. झालं ते झालं." मोठ्या मनाने माफ केल्यासारखं म्हणाले. न केलेल्या गुन्ह्याची माफी घेणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. त्यापेक्षा शिवी बरी.

मग पहारा बसला. फवारणीचं औषध पेटीत गेलं आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. मी विहिरीवर निघाले की कुणीतरी मागे. रेखाला माझ्याजवळून उचललं. तिची वेणी सासूबाई घालू लागल्या, तिला जेवू त्या घालू लागल्या. बाई स्वतः घेते ती उद्या पोरीलाही देईल, असं शेजारणीने सुचवलं होतं. सुचवणाऱ्यांची आमच्या गल्लीत कमी नाही.

एका सकाळी रेखा शाळेला निघाली होती. दप्तर खांद्यावर, दारात उभी राहिली.

"आई, तू परत पिशील का?"

"मी प्यायले नव्हते गं."

"गुरुजी म्हणाले, बिलात आहे."

ती चिडून बोलली नाही, घाबरूनही नाही. शाळेत शिकवलेलं सांगावं तसं बोलली. ती गेल्यावर मी चुलीपुढे बसून राहिले. सबंध गावाने म्हटलं ते मी गिळलं होतं, पण हे घशाखाली उतरेना.

खिडकी

जळगावला डोळे दाखवायला पुन्हा बोलावलं होतं. मी माझ्या भावाला निरोप पाठवला. नाना धुळ्याकडच्या एका खेड्यात राहतो, माझं माहेर तिकडचं. मुलीचे वडील म्हणाले, नानाच येतोय तर मी कशाला. मला तेच हवं होतं. बिल मी पिशवीत घातलं.

एसटीत नाना म्हणाला, "तठे बोलशी का तू? का मी बोलू?"

"मी बोलसू," मी म्हणाले. नाना माझ्याकडे बघतच राहिला.

बिलाच्या खिडकीत एक गोरा, पावडर लावलेला माणूस बसला होता. मी कागद आत सरकवला. आवाज निघाला तो माझा मलाच ऐकू आला नाही. त्याने "काय?" म्हटलं. पुन्हा म्हणाले.

"यात पोट धुतल्याचं लिहिलंय. माझं पोट धुतलं नव्हतं."

"बाई, पॉयझन केस आली की हे सगळं लागतंच. यादी ठरलेली असते."

"पण धुतलं नाही ना."

"नसेल धुतलं. नळी काढून ठेवली होती ना तुमच्यासाठी."

आमच्या गावच्या जेवणावळीत वाढपी पानापर्यंत आला नाही तरी बासुंदीचे पैसे लावणारा आचारी अजून जन्माला आलेला नाही. तो जळगावला जन्मला.

"पैसे परत पाहिजेत का?" त्याने विचारलं. तो जरा खालच्या आवाजात बोलू लागला होता, मागे रांग होती.

"पैसे नकोत. ओळ काढा."

त्याला ते समजेना. तो पुन्हा पुन्हा पैशांवरच येत होता. इतक्यात डॉक्टर जिन्यावरून उतरले. नानाने त्यांना अडवलं. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता कागद बघितला.

"काय फरक पडतो? प्यायलेली असो की अंगाला लागलेलं असो, इंजेक्शन तेच. वाचल्या ना तुम्ही?"

"तुम्हाला फरक पडत नाही," मी म्हणाले. "माझी पोर माझ्याजवळ बसत नाही."

इतकं लांब वाक्य मी परक्या पुरुषासमोर जन्मात बोलले नव्हते. डॉक्टरांनी आता माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं नाही. पाच दिवस रोज माझ्या बाहुल्या बघितलेल्या माणसाने चेहरा पाहिला नव्हता.

ती वयस्क सिस्टर ट्रे घेऊन चालली होती. ती थांबली. "साहेब, हिचं पोट नाही धुतलं. शेजारच्या खाटेवरचीचं धुतलं. हिचे केस धुतले, मी. सगळं औषध डोक्यातच होतं." एवढं बोलून ट्रे घेऊन निघून गेली. जणू बादली कुठे ठेवली ते सांगितलं. केस धुतल्याची ओळ बिलात नव्हतीच. ते काम साबण आणि हाताचं, त्याला त्यांच्या यादीत नाव नाही.

"काढून टाक रे ती ओळ," डॉक्टर खिडकीकडे बघून म्हणाले, "आणि अंगावर औषध सांडून विषबाधा असं लिही."

त्या माणसाने नवा कागद घेतला. पुष्कळ वेळ लिहीत होता. शिक्का मारून दिला. नानाने बाहेर येऊन वाचला, तो धुळ्याला बारावीपर्यंत शिकलाय. वाचता वाचता थांबला.

"अक्का, पोट धुणं काढलं त्यांनी. पण इंजेक्शनं आता एकशे साठ झाली. खालचा आकडा तोच ठेवला."

म्हणजे एक खोटं काढायला सांगितलं तर त्याने ते दुसऱ्या खिशात ठेवलं. नाना परत आत निघाला होता. मी त्याचा हात धरला. वीस सुया आणखी टोचल्या म्हणून कुणी माझ्या पोरीला माझ्यापासून दूर बसवणार नव्हतं. चोर आहेत ते चोर राहोत. मला हवं होतं ते पिशवीत होतं.

दुसरं वाचन

गुरुजी पुन्हा ओट्यावर आले. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. वाचून झाल्यावर म्हणाले, "यात पोट धुणे नाही. अंगावर सांडून, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. सही-शिक्का आहे."

मग आबा म्हणाले, "मंग नई पिधं व्हई."

सासूबाई म्हणाल्या, "मी तं पहिलेपासून म्हणत होती."

एवढ्यावर मिटलं. कुणी मला विचारलं नाही, मग झालं काय होतं? हंडा गळत होता का? एका कागदाने मी प्यायले होते, दुसऱ्या कागदाने प्यायले नाही. मधे मी जे बोलत होते त्याला वारा समजा. गुरुजी जाताना मला म्हणाले, "बरं झालं, खुलासा झाला." मी त्यांना चहा दिला. साखर घातली नव्हती. त्यांनी मुकाट्याने प्यायला.

संध्याकाळच्या आत रेखा वेणीसाठी फणी घेऊन माझ्यापुढे पाठ करून बसली. तिच्यावर माझा राग नाही. पोर वाचायला शिकली होती, आणि जे वाचलं जातं ते खरं असं तिला शिकवलं होतं. पुढे आणखी शिकेल.

आठ दिवसांनी फवारा निघाला. आबांनी दारातून हाक दिली, "चाल, पाणी लागी राहिनं."

मी भाकरी थापत होते. "मी हंडा उचलणार नाही," म्हणाले.

आबांनी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी मुलीच्या वडिलांकडे. मी भाकर तव्यावर टाकली. शेवटी मुलीच्या वडिलांनी हंडा उचलला. डोक्यावर घ्यायची लाज, म्हणून खांद्यावर घेतला.

दुपार कलल्यावर ते परत आले. सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत ओला. ओट्यावर आबा आणि शेजारचे दोघे बसले होते. रेखा त्यांच्याकडे धावली. मी तिचा दंड धरला.

"आधी सदरा काढा," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "साबणाने अंग धुवा, डोकंही धुवा. मग पोरीला हात लावा."

"तेवढ्याने काही होत नाही," ते म्हणाले.

"झालं होतं," मी म्हणाले.

त्यांनी सदरा काढला. मग न्हाणीकडे गेले.